जोर लावला की चेन दात सोडते: जुन्या रेसिंग सायकलचं नेहमीचं दुखणं

सपाटीला सायकल लोण्यासारखी चालते. संध्याकाळी सोलापुरात विजापूर रोडला कंबर तलावापर्यंत फेरी मारली तरी काही तक्रार नसते. पण आसरा पुलाचा चढ लागला, सीटवरून उठून पायडलवर वजन टाकलं की खाट्! पाय एकदम खाली जातो, छाती हँडलवर आपटते, मागून येणारा रिक्षावाला आपल्या खानदानाची चौकशी करतो.

माझा धंदा सायकलचा नाही. यंत्रमागाचे सुटे भाग लेथवर काढण्यात माझं आयुष्य गेलं. पण वाकड्या हँडलच्या, पाच-दहा गिअरच्या जुन्या सायकलींचा नाद आहे, आणि त्या नादापायी हेच एक दुखणं इतक्यांदा उघडून बघितलंय की आता आवाजावरूनच अर्धं कळतं. गंमत म्हणजे हा दोष शोधताना जे जे तपासावं लागतं, त्यावरूनच त्या सायकलचा माल किती खरा आणि किती नुसता पॉलिशचा, हेही कळतं. त्यामुळे जुनी सायकल घ्यायला निघालेल्यांनीही हे वाचावं.

आधी लक्षणं

पान्याला हात लावू नका. रिकाम्या रस्त्यावर सायकल चालवा आणि मोजा.

मागच्या एकाच चकतीवर चेन उडते आणि बाकीच्यांवर नाही, तर ती चकती झिजलेली आहे. आधीचा मालक ज्या गिअरवर जास्त चालवायचा, नेमकी तीच असते.

पुढे ४२ किंवा ५२ दाती चक्र आहे आणि पायडलचे साधारण दोन ते अडीच फेरे झाले की एक झटका, पुन्हा तेवढ्याच फेऱ्यांनी दुसरा, तर चेनची एखादी कडी आखडली आहे. चेनमध्ये शंभर-सव्वाशे कड्या असतात, त्या पुढच्या दातांनी भागल्या की हाच आकडा येतो.

प्रत्येक फेऱ्याला, एकाच पायाला, एकाच जागी 'कट' वाजत असेल तर चेनचा संबंधच नाही. क्रँक (पायडलचा दांडा), कॉटर पिन (तो दांडा एक्सलवर धरणारी पाचर), पायडल किंवा बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो ते घर) बघा.

पायडल क्षणभर मोकळं पुढे धावतं आणि मग धाडकन पकडतं, चेन मात्र जागची हललेली नसते, तर फ्रीव्हीलच्या (मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्याच्या) आतली कुत्री, म्हणजे एकाच दिशेने पकडणारे खटके, अडकत आहेत. हे लक्षण सगळ्यात धोक्याचं. त्याचा उलगडा होईपर्यंत चढावर उभं राहून चालवू नका.

चेन आपोआप शेजारच्या लहान चकतीवर घसरते, तर गिअरचा लिव्हर सैल आहे.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: "काका, नवी चेन टाकली आणि त्रास वाढला." त्याबद्दल खाली सविस्तर.

फुकटातली कामं

पहिलं काम पुसण्याचं. ओळखीच्या कारखान्यातून पसाभर सुताचा वेस्ट आणा, वाटीभर डिझेल घ्या, जुना टूथब्रश घ्या. आपल्याकडची धूळ आणि वर्षानुवर्षं ओतलेलं घट्ट तेल मिळून उन्हाळ्यात असा काळा लगदा होतो की खाली दात आहेत की हिरड्या ते दिसत नाही. कडी आखडली आहे का, दात वाकला आहे का, हे लगद्यातून कुणालाच सांगता येणार नाही. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं आणि माझा चहा फुकट जातो.

दुसरं, खालच्या तिरक्या नळीवरचे गिअरचे लिव्हर. जुन्या सायकलींत लिव्हर नुसत्या घर्षणावर जागेवर राहतो, आणि त्याच्या बाजूला हाताने फिरवायची कडी किंवा पंखाचा स्क्रू असतो. तो सैल झाला की स्प्रिंग केबल ओढून घेते आणि जोरात पायडल मारताना गिअर स्वतःहून बदलतो. बोटांनी आवळा. आवळूनही थांबलं नाही तर लिव्हरच्या आतला वायसर गुळगुळीत झाला आहे. खालची केबल गंजलेली असेल तर ती आधी बदला, फार खर्चाची गोष्ट नाही.

तिसरं, आखडलेली कडी. सायकल स्टँडवर घ्या आणि पायडल हळूहळू उलटं फिरवा. नजर मागच्या डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राच्या) दोन लहान पुल्यांवर ठेवा. आखडलेली कडी तिथून जाताना ताठ राहते आणि डिरेलरचा हात टुणकन उडतो. ती कडी दोन्ही हातांनी आडवी, म्हणजे चेन ज्या बाजूला वाकत नाही त्या बाजूला, हलकेच वाकवा. बहुतेक वेळा पिन दाबून बसवलेली असते, ती मोकळी होते. गल्लीतल्या दुकानात चेन ठोकून जोडली असेल तर हे हमखास सापडतं.

आणखी एक. आपल्या साध्या काळ्या सायकलची चेन रुंदीला एक अष्टमांश इंचाची असते, गिअरच्या सायकलची तीन बत्तिसांश. लांबीला कडी दोन्हींची अर्ध्या इंचाची, म्हणून जाड चेन बसते, फिरते, आणि डिरेलरमध्ये घासत, अडकत राहते. कुणी 'बसली की' म्हणून टाकून दिली असेल तर उतरवा.

फूटपट्टी

आता पहिलं हत्यार: स्टीलची फूटपट्टी. प्लास्टिकची नको, ती स्वतःच खरी नसते.

चेन ताणून धरा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. चोवीस अर्ध्या इंची कड्या मोजल्या की पिनचा मध्य बरोबर बारा इंचांवर यायला हवा. बारा आणि एक सोळांश झालं, तर चेन गेली. बारा आणि एक अष्टमांश झालं, तर चेन गेलीच, आणि जाताना फ्रीव्हीललाही घेऊन गेली.

लोक म्हणतात चेन 'ताणली'. पोलाद असं ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आपल्या भोकात थोडी थोडी झिजते, आणि शंभरभर पिनांची झीज एकत्र होऊन लांबी वाढते. वाढलेली चेन दाताच्या मुळाशी बसत नाही, वर वर चढते, आणि दाताला आपल्या मापाने खाते. दोघं म्हातारे एकमेकांना सांभाळून चालत राहतात. मग कुणी नवी चेन टाकतं. नवीची कडी खरी अर्ध्या इंचाची, दात मात्र जुन्या मापाने खाल्लेले. कडी खोबणीत पूर्ण बसत नाही, जोर आला की दातावरून उडी मारते. नवी चेन टाकल्यावर त्रास का वाढला, त्याचं कारण हे. चेनवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

मागच्या वर्षी एक इंजिनिअरिंगचा पोरगा भंगारातून उचललेली जपानी सायकल घेऊन आला. नवी चेन टाकून पुलावर चढवताना गुडघा हँडलवर आपटला होता, त्यावर पट्टी. त्याचा मित्र सोबत होता, तो मला सोडून त्यालाच विचारतोय, "काय करलालास बे, नवीच घे की." मी चेन उतरवून सतरा दाताची चकती दाखवली. नव्या दाताच्या दोन्ही कडा सारख्या असतात. याची एक कड सरळ होती आणि दुसरी आत वळलेली, मांजराच्या नखासारखी. नखाने चाचपलं की टोकाला धार लागत होती. शेजारची चोवीस दाताची चकती जवळजवळ नवीच. आधीचा मालक चढाला गेलाच नसावा; सोलापुरात राहून ते शक्य आहे म्हणा.

फ्रीव्हील

चकत्या गेल्या असतील तर दोन रस्ते. जुन्या सायकलींत बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा चकत्यांचा गठ्ठा) नव्हे. ते काढायला त्या त्या कंपनीचंच काढणं, म्हणजे खाचेत बसणारं हत्यार, लागतं. दोन खाचांचं, चार खाचांचं, आतून दात असलेलं, सगळी वेगळी. छिन्नी-हातोडीने खाच उडवू नका. चांगलं जपानी फ्रीव्हील आतून शुद्ध राहिलेलं असतं आणि फक्त छिन्नीने मेलेलं असतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय. योग्य काढणं हाताशी नसेल तर इथे थांबा आणि ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे चाक घेऊन जा. काढणं चाकाच्या एक्सलच्या नटाने हलकं दाबून धरायचं, व्हाइसमध्ये पकडायचं आणि चाकच फिरवायचं. सुटलं की नट आधी सैल करायचा, नाहीतर एक्सल ताणेल.

आतली कुत्री अडकत असतील तर फ्रीव्हील उघडायची गरज बहुधा नसते. चाक आडवं ठेवा, फिरत्या आणि न फिरत्या भागाच्या फटीत डिझेल सोडा, फिरवत राहा, खालून काळं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग वाळवून पातळ तेल. ग्रीस घालू नका. ग्रीसनेच ती अडकलेली असतात. धुतल्यावर कान लावून ऐका: टिकटिक एकसारखी हवी. मध्येच एखादी टिक गायब होत असेल तर एखादं कुत्रं किंवा त्याची स्प्रिंग गेली, आणि मग ते फ्रीव्हील मी कुणाला वापरू देत नाही.

डिरेलर, आणि नावाचा मोह

मागून उभं राहून बघा. डिरेलरचा पिंजरा चकत्यांना समांतर आहे का? सायकल उजवीकडे पडली की हँगर (डिरेलर टांगायचा फ्रेमचा कान) आत वाकतो. फ्रेम स्टीलची असेल तर सावकाश सरळ करता येतो. ॲल्युमिनियमचा असेल तर हात लावू नका, तुटेल.

मग पिंजऱ्याचं खालचं टोक धरून आतबाहेर हलवा. सांध्यांच्या पिना झिजल्या असतील तर टोक चांगलंच डुलतं, आणि असा डिरेलर कितीही चकाकला तरी कामाचा नाही. एक सावधगिरी: शिमानोच्या गिअर जागेवर टक्‌कन बसणाऱ्या नंतरच्या डिरेलरांत वरची पुली मुद्दाम थोडी आडवी सरकणारी असते. तो दोष नाही. ती बदलून घट्ट पुली टाकणारे शहाणे मला भेटले आहेत.

नावाबद्दल मात्र बोलायलाच हवं. बाजारात इटालियन कॅम्पाग्नोलो म्हटलं की माणसं हात जोडतात. नुओव्हो रेकॉर्ड डिरेलर १९६७ चा. घडाई सुंदर, वर्षानुवर्षं टिकतो, दुरुस्त होतो. त्याच्यावर 'पेटंट' शब्दापुढे दोन आकडे असतात, त्यावरून साल कळतं. पण गिअर पाडण्याच्या कामात जपानी सनटूर त्याच्या पुढे होता. सनटूरने १९६४ साली डिरेलरची चौकट तिरकी केली, त्यामुळे पुली प्रत्येक चकतीपासून सारख्याच अंतरावर राहते आणि चेन पटकन चढते. पेटंट १९८४ च्या सुमारास संपलं आणि मग सगळ्यांनी तीच रचना उचलली. आजच्या डिरेलरांतही तीच आहे. म्हणजे निम्म्याहून कमी किमतीचा साधा सनटूर चालवायला बरा, आणि काचेच्या कपाटात ठेवायला कॅम्पाग्नोलो. प्लास्टिकचे जुने फ्रेंच सिम्प्लेक्स मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी नको. वयानुसार प्लास्टिकला चिरा पडतात, आणि आपल्या उन्हात तर बोलायलाच नको.

शिमानोच्या भागांवर मागच्या बाजूला दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतात. पहिलं वर्ष, दुसरं महिना. ए म्हणजे १९७६, बी म्हणजे १९७७, असं पुढे. झेडला २००१ येतं आणि २००२ ला पुन्हा ए. एच आणि ई असेल तर मे १९८३. विकणारा 'सत्तरच्या दशकातला अस्सल सेट' म्हणत असेल तर मागे वळवून बघा. क्रँक एका सालचा आणि डिरेलर सात वर्षांनंतरचा निघाला तर सायकल वाईट ठरत नाही, पण 'अस्सल'चे पैसे देऊ नका.

अजून एक फुकटची परीक्षा: जुन्या स्पीकरचं लोहचुंबक खिशात ठेवा. रिमला चिकटलं तर रिम स्टीलची. क्रोमची स्टील रिम दिसते झकास, पण पावसात ओली झाली की ब्रेक नावापुरता उरतो. क्रँकही बघा: पुढची चक्रं बोल्टने लावलेली हवीत. रिबेट मारून कायमची ठोकलेली असतील तर तो स्वस्तातला माल. दात झिजले की अख्खा क्रँक फेकायचा.

क्रँक आणि कॉटर

प्रत्येक फेऱ्याला 'कट' होणाऱ्यांचं घर इथे आहे. दोन्ही क्रँक दोन हातांनी धरून आडवे हलवा. दोन्ही एकत्र हलले तर बीबीच्या कपात खेळ आहे. एकच हलला तर तो क्रँक सैल आहे.

कॉटर पिनची सायकल असेल तर नट आवळून भागत नाही. पिन पाचरीसारखी असते; ती आधी बसवायची, मग नट फक्त धरून ठेवतो. नटानेच ओढायला गेलात तर आटे जातात. पिना ९ आणि ९.५ मिलिमीटरच्या येतात, जुनी सोबत नेऊन मापाने आणा. सपाट बाजू कानशीने अशी घासा की एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकेल. बसवून काढली की घासलेल्या तोंडावर चकाकी सगळीकडे दिसली पाहिजे, नुसत्या एका कडेला नव्हे. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि चालवणारा लंगडतोय असं वाटतं.

आणि ठोकताना क्रँकखाली आधार द्या. मी पाण्याच्या लोखंडी पाइपचा तुकडा बरोबर जमिनीपासून क्रँकपर्यंतच्या उंचीचा कापून ठेवलाय. पिन पाइपच्या पोकळीत उतरते आणि हातोडीचा मार जमिनीत जातो. आधार नसेल तर तोच मार बीबीच्या छर्ऱ्यांमधून कपात जातो आणि तिथे खड्डे पडतात. 'कॉटर बदलला, आता बीबी वाजतंय' याचं कारण बहुधा ती हातोडीच असते.

कॉटर नसलेल्या, चौकोनी एक्सलच्या क्रँकला वेगळा नियम: सैल असताना एक किलोमीटरही चालवू नका. एक्सल पोलादाचा, क्रँक ॲल्युमिनियमचा. चौकोनी भोक आतून गोल होतं आणि मग कितीही आवळा, आठवड्यात पुन्हा सैल. तो क्रँक संपला. डबीचं पत्र्याचं पॅकिंग घालून बसवणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

बीबी उघडायच्या आधी

पुढच्या चक्रावरून चेन उतरवा, क्रँक हाताने फिरवा आणि सीटच्या नळीला कान लावा. जात्यासारखी घरघर आली तर उघडावं लागेल. नुसता खेळ असेल तर डावीकडचा कप थोडा आवळून बघा.

उघडलंत तर प्रत्येक बाजूला पाव इंची छर्रे, सुटे असतील तर अकरा. जुने परत घालू नका, स्वस्त असतात. कप पुसून उजेडात धरा आणि बॉलपेनचं टोक त्याच्या वाटेवरून फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डा पेनाला लागतो. कपाला पेन अडखळलं तर नवे छर्रे महिनाभराचे सोबती, कपच बदला.

उजवा कप काढण्यापूर्वी त्याच्यावर काय कोरलंय ते वाचा. ब्रिटिश आणि जपानी सायकलींत (१.३७० × २४) उजव्या कपाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो. इटालियनमध्ये (३६ × २४) दोन्ही बाजू सरळ. मी टर्नर. आट्यांत जन्म गेला. तरी एका जपानी फ्रेमचा उजवा कप मी न वाचता पान्याला तीन फुटी पाइप लावून सरळ दिशेला ओढला. सुटत नव्हता, कारण मी तो आवळत होतो. कपाच्या कडा गोल झाल्या, आणि शेवटी तो फ्रेममधून कापून काढावा लागला.

इथे थांबा

चीर. कुठेही चीर दिसली की काम बंद. क्रँक, हँडलचा स्टेम, हँडल आवळायची जागा, पुढच्या चिमट्याचा माथा, रिममधली स्पोकची भोकं, एवढ्या जागा आधी बघायच्या. कॅम्पाग्नोलोच्या जुन्या रेकॉर्ड क्रँकला पंजा (चक्र धरणारे हात) आणि दांडा मिळतात त्या बेचक्यात चीर पडते, हे जगभर माहीत आहे, आणि पॉलिश मारलं की ती लपते. त्यासाठी वर्कशॉपमधली जुनी युक्ती: त्या जागेवर डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वर फळ्याच्या खडूची भुकटी भुरभुरा. चिरेत डिझेल शिरलं असेल तर ते खडूत पाझरतं आणि बारीक काळसर रेघ उमटते. रेघ उमटली तर तो क्रँक भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जोर लावताना क्रँक तुटला तर तुटकी धार पोटरीत जाते.

फ्रेमला चीर असेल तरी गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रेनॉल्ड्स ५३१ सारखी पातळ नळी वेल्डिंगसाठी बनवलेलीच नाही. ती पितळी ब्रेझिंगने जोडतात. तसं काम करणारा कारागीर शोधा, त्यासाठी पुण्याला जावं लागलं तरी.

बीबीच्या नळीतले आटे गेले असतील, किंवा उजवा कप दोन प्रामाणिक प्रयत्नांत सुटत नसेल, तर टॅप आणि व्हाइस असलेला माणूस लागतो. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट किंवा स्टेम स्टीलच्या नळीत गंजून चिकटला असेल तर पिळू नका. आधी नळी पिळली जाते, पोस्ट नंतर.

सगळं बसवून झालं, तर पहिल्या दिवशी शहरातच फिरा. मग एखाद्या रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याला लागा. हिप्परग्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो आणि शेवटी घाट आहेच. जाताना खिशात पाना ठेवा. नव्या कॉटरचा नट तीस-चाळीस किलोमीटरनंतर पाव फेरा तरी घेतोच.